शब्दचर्चा: दांड्यासकट विकल्या जाणाऱ्या फुलांना काय म्हणायचं?

बेळगाव: 1900 ते 1930 च्या आसपासच्या इथल्या फुलबाजारावर लिहायला घेतलंय आणि 'कट फ्लॉवर्स'पाशी गाडी अडलीय. 'छाटलेली फुलं' म्हटलं की बागेची छाटणी डोळ्यांपुढं येते, 'कापलेली' तर कानालाच बोचतं. त्या काळचे फुलारी काय म्हणत असतील?

शहापूर: एकच शब्द शोधत बसाल तर हाती लागणार नाही, कारण बाजारात मालच तसा नव्हता. आपल्याकडं फूल खुडायचं. अबोली, मोगरा, शेवंती देठाशी खुडून बुट्टीत टाकायची आणि बुट्टीतून उचलून केळीच्या ओल्या सोपटात गुंफायची. दांड्याला कोण विचारतंय? म्हणून जुने शब्द बघाल तर सगळे तयार मालाचे: गजरा, वेणी, हार, तुरा. सुटी फुलं जायची ती देवाच्या पुडीत.

मापसुद्धा गुंफल्यानंतरचं. आमच्या गल्लीत कन्नड फुलवाली यायची, तिच्याकडं आजी 'एक मोळ दे' म्हणायची. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मराठीतला हात, साधारण 18 इंच. माप फुलवालीच्या हाताचं. बाई ठेंगणी असली की मोळ आखूड, म्हणून आजी मुद्दाम उंच बाईची वाट बघत बसायची. लेखात गजऱ्याचं माप द्यायचं झालं तर हाच शब्द घाला, फूट-इंच नको.

आणि एक, बेळगाव-शहापूर एकच बाजारपेठ असल्यासारखं लिहू नका. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं.

खानापूर: खेड्यात तर विक्रीच नव्हती बघा. गुरव बारा बलुतेदारांतला. देवळात पूजा आणि बेल-फुलं त्याच्याकडं, घरोघर पत्री तोच द्यायचा, आणि सुगीला त्याला धान्य मिळायचं. कन्नड गावांत हेच काम हूगाराचं आणि बलुत्याला तिकडं 'आय' म्हणत. हू म्हणजे फूल. हूगार आडनावाची घरं सीमाभागात आजही भेटतात. तेव्हा 'फुलारी' हा रोख पैसे घेऊन विकणाऱ्याला शोभणारा शब्द, पेठेतला. गावच्या गुरवाला तो चिकटवू नका.

कॅम्प: दांड्याची फुलं लागायची ती छावणीतल्या बंगल्यांना. टेबलावर फुलदाणी ठेवायची तर दांडा हवाच की! पण बंगल्याच्या आवारात माळी असायचा, तो तिथलीच आणून द्यायचा. नाताळात साहेबाला 'डाली' पाठवायची चाल होती: फळं, फुलं, भाजी, मिठाई असं सजवलेलं तबक. हॉबसन-जॉब्सन या 1886 च्या कोशात ती 'डॉली' म्हणून आलीय. शब्द तुमच्या लेखात शोभेल, पण विक्रीच्या हिशेबात धरू नका, ती भेट होती. सरळ बोलायचं तर साहेबाची मर्जी राखायची सोय.

निपाणी: दांड्यासकट जाणारं जुनं फूल हवं असेल तर गुलछडी घ्या. मूळची मेक्सिकोची, पण आता घरचीच झालीय. हाराला तिची सुटी कळी आणि फुलदाणीला अख्खी छडी, असा दोन्हीकडचा माल. जुनं नाव गुलछबू, म्हणजे फारसी गुल-ए-शब्बो, रात्री दरवळणारं फूल. निशिगंध म्हणतो त्यातही तोच अर्थ. 'छबू'ची 'छडी' झाली ती त्या सरळसोट दांड्याकडं बघूनच, असं माझं मत. कन्नडमध्ये सुगंधराज म्हणतात, त्यात ना रात्र ना काठी.

'कापलेली' बोचतं ते मराठी कानाला, हेही सांगतो. कन्नडमध्ये 'हू कोय्यु' सर्रास चालतं. कोय्यु म्हणजे खुडणं, कापणं, पिकाची कापणीसुद्धा. आपला कोयता त्याच घराण्यातला. त्यामुळं सीमेवरच्या दोन फुलवाल्या शेजारीशेजारी बसून एकच काम करताना एक खुडत असणार आणि दुसरी कापत.

बेळगाव: मग 'दांड्याची फुलं' लिहितो, आणि गुलछडीपुरतं 'छडी'. दर आण्या-पैत देणार आहे.

शहापूर: होय की, चालतंय. दरात 'पैसा' आला तर तो पाव आणा, रुपयाला 64. वाचणारा शंभरानं हिशेब करून बसेल, तेवढं एका ओळीत सांगून टाका. आणि 'पुष्पगुच्छ' मात्र फुलवालीच्या तोंडी घालू नका हां, तो भाषणातला शब्द.