दोरी धरून रंकाळ्यावर

‘डोळे मिटा, वरून लोंबणारी दोरी धरून चढताय अशी कल्पना करा, शरीर खाली राहतं,’ असं शरीराबाहेर पडल्याचा अनुभव कसा घ्यायचा यावर एका भावानं सुचवलंय. मी तीन आठवडे केलंय हे, पहाटे हेडफोन लावून. ऑडिओत कल्पना करायला सांगितलेला समुद्रकिनारा काही जमेना, म्हणून आमच्या कोल्हापूरचा रंकाळा तलाव घेतला: संध्यामठ, कठड्याचा गार दगड, भेळेच्या गाडीवरचा चिरलेला कांदा. ओळखीची जागा पटकन उभी राहते. अकराव्या दिवशी अंग जड झालं, कानात घूं आवाज, आणि पलंगापासून हातभर वर तरंगतोय असं स्पष्ट वाटलं. तेवढ्यात दूधवाल्यानं बेल मारली. धाडकन खाली!

आत्मा बाहेर पडला असं मी म्हणणार नाही. २००२ साली जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूतल्या उजव्या बाजूच्या ‘अँग्युलर गायरस’ नावाच्या भागाला विजेनं चेतवलं, तेव्हा तिलाही आपण वरून स्वतःला बघतोय असं वाटलं होतं.

मला वेगळंच सापडलं. कल्पनेतल्या त्या कठड्यावर दर वेळी आजोबा बसलेले असायचे, मी न बोलावता. शेवटचं वर्षभर आमचा अबोला होता, जमिनीच्या वाटणीवरून. आता दोरी सोडलीय. सरळ जाऊन त्यांच्या शेजारी बसतो.