‘की रिव्होक करणे’ला मराठीत काय म्हणावं?

दुभाषी: एका पुस्तिकेच्या भाषांतरात अडकले आहे. मेळघाटातल्या आरोग्यसेविकांच्या टॅबसाठी आहे ती. गावात रेंज नसते, म्हणून नोंदी टॅबमध्येच कुलूपबंद साठतात आणि गाडी धारणीच्या बाजूला आली की पुढे जातात. टॅब हरवला तर त्याची ‘की रिव्होक’ करायची, म्हणजे नोंदींना कुलूप लावणारी आणि सही करणारी त्याची गुप्त डिजिटल किल्ली पुढे चालू द्यायची नाही. मी लिहिलं, ‘किल्ली रद्द करा’. तपासणाऱ्या बाईंनी दोन शेरे मारले. एक, सगळीकडे ‘चावी’ करा. दोन, ‘रद्द केली’ वाचल्यावर ती त्याच क्षणी सगळीकडे रद्द झाली असं वाटतं, आणि तसं होत नाही. दुसरा शेरा मला पटलाय, पण शब्द सुचत नाही.

रानवाट: बाई बरोबर बोलल्या. मी अशाच कामावर होतो. आमचा एक फोन सोमवारी बाजारात हरवला, अमरावतीत बसलेल्या माणसाने दुपारच्या आत किल्ली रद्द केली. वरच्या गावातल्या उपकेंद्राच्या यंत्राला ते कळलं शुक्रवारी, जीप वर गेली तेव्हा. चार दिवस ते यंत्र त्या फोनची सही खरी मानत होतं. शहरात यंत्र सर्व्हरला विचारून घेतं, या किल्लीचं प्रमाणपत्र अजून चालू आहे ना? डोंगरात कुणाला विचारणार? तिथे रद्द होणं ही बातमी असते आणि ती जीपच्या वेगाने जाते.

मोडीप्रेमी: मग शब्द तयार आहे, दवंडी! सकाळी चावडीवर पिटली, वाडीवर संध्याकाळी पोचली. तोवर वाडीत जुनाच हुकूम चालायचा. ‘बाद किल्ल्यांची दवंडी’ म्हणा, सेविकांना एका वाक्यात कळेल. ‘चावी’ मात्र नको, ती पोर्तुगिजांकडून आली. किल्ली आपली आहे.

कुलाबकर: आणि ती ज्यात घालता ते कुलूप? अरबी ‘कुफ्ल’. परका शब्द काढायचा तर आधी दाराचं कुलूप काढा. शिवाय किल्ली किल्ल्यावरूनच आली असणार, गडाचा दरवाजा उघडणारी ती किल्ली. मग तीही अरबीच.

मोडीप्रेमी: किल्ला अरबी, मान्य. पण किल्ली ‘कील’वरून, म्हणजे खुंटी. माझ्या आजोळी वाड्याच्या दाराला लाकडी खिट्टी होती, भिंतीतल्या भोकातून सळई घालून ती सरकवायची. त्या सळईला आजी किल्लीच म्हणायची.

जाळेविणकर: व्युत्पत्ती चालू द्या, पण ‘दवंडी’ने निम्मंच काम होतं. अशा, सतत न जोडलेल्या जाळ्यांचा विचार मुळात अवकाशासाठी झाला. मंगळापर्यंत संदेश जायला 3 ते 22 मिनिटं लागतात. नेहमीच्या पद्धतीत दोन यंत्रं आधी आपसांत बोलून किल्ली ठरवतात. इथे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर यातच पाऊण तास जाऊ शकतो. म्हणून माहितीचे गठ्ठे करून टप्प्याटप्प्याने साठवत पुढे ढकलायचे, डाकेच्या थैलीसारखे. या गठ्ठ्यांच्या सुरक्षेचे नियम आरएफसी 9172 या इंटरनेटच्या तांत्रिक नियमपत्रात 2022 साली आले, पण किल्ल्यांची व्यवस्था कशी करायची हे त्यात ठरवलेलंच नाही. ते ज्याने त्याने आपापलं बघायचं. म्हणजे दुभाषीताईंचा शब्द तिथेही मिळणार नाही.

व्यवहारात दोन गोष्टी करतात. निघतानाच किल्ल्यांचा जुडगा बरोबर द्यायचा, एक वापरली की ती संपली. आणि प्रत्येक किल्लीला मुदत घालायची, म्हणजे दवंडी पोचली नाही तरी ती आपोआप मरते.

रानवाट: मुदतीवर मी दोन वर्षं भांडलोय. पंधरा दिवस ठेवली आणि पावसाळ्यात घाट तीन आठवडे बंद राहिला, तर चोराच्या आधी आपल्याच सेविकेचा टॅब बंद पडतो. बाळंतिणीची नोंद करायला ती कागद शोधत बसते. शिवाय यंत्राचं घड्याळ मागे पडलं तर मेलेली किल्लीही जिवंत दिसते.

दुभाषी: मग ‘बाद ठरवणे’ आणि ‘बाद झाल्याची खबर’ असे दोन शब्द वेगळे ठेवू का? आणि रेंजबद्दलच्या ‘इंटरमिटंट’ला ‘खंडित’ लिहिलंय, ते चालेल?

मोडीप्रेमी: ‘खंडित’ म्हणजे एरवी अखंड असतं ते. तिथे अखंड कधी होतं? ‘सविराम’ लिहा.

रानवाट: सविराम कोण बोलतं हो? ‘रेंज येते-जाते’ लिहा. त्या बायका रोज हेच म्हणतात.

वऱ्हाडी: एवढं चाललंय तर सांगतो, माझं आयुष्य धारणी-परतवाड्यात गेलं. तिकडे किल्ली नाही अन् चावीही नाही. ‘चाबी’ म्हणतात. घड्याळालाही चाबीच भरतात.

मोडीप्रेमी: चाबी हिंदीतून आलीय. छापील पुस्तिकेत कशी घालायची?

वऱ्हाडी: पुस्तिका वाचणार कोण, तुम्ही का ती सेविका?

कुलाबकर: आमच्याकडे घड्याळाला किल्ली ‘देतात’. तुमच्याकडे ‘भरतात’? आणि कुलपाला काय, ताला म्हणता?