नाना शंकरशेट यांच्या घराण्याचे वंशज कसे शोधावेत?

प्रश्न : जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्या घराण्याची वंशावळ मी जुळवत आहे. चिरंजीव विनायकरावांपर्यंत धागा सापडतो, पुढे मात्र 'शंकरशेट' आडनावाने शोधूनही काही हाती लागत नाही. काय करावे?

उत्तर १ : आपली अडचण नावातच आहे. शंकरशेट हे नानांच्या वडिलांचे नाव. घराण्याचे आडनाव मुरकुटे. त्यामुळे जुन्या कागदांत एकाच घरातील माणसे कधी वडिलांच्या नावाने, तर कधी आडनावाने नोंदलेली असू शकतात, आणि दोन्ही नावांनी शोध घेतल्याशिवाय पिढ्यांची सांगड बसणार नाही.

उत्तर २ : नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्या अवश्य पाहाव्यात. तेथे घराण्यांच्या नोंदी गाव आणि आडनाव यांवरून काढतात. नानांचे जन्मस्थान म्हणून मुरबाडचा उल्लेख होतो, तेव्हा मुंबईबरोबर तेही नाव सांगावे. माझ्या आजोळची वही उघडली, तेव्हा पणजोबांनी स्वहस्ते लिहिलेली भावांची आणि मुलांची नावे समोर आली, आणि मला बराच वेळ बोलता आले नाही. जुनी पाने मोडी लिपीत असतात, म्हणून जाणकार सोबत न्यावा. या वह्यांत लेकींची शाखा बहुधा सुटते. तिच्यासाठी मृत्युपत्रे आणि मिळकतीचे दावे चाळावेत, कारण वाटणीच्या कागदांत जावई व नातवंडे नावानिशी येतात.

उत्तर ३ : हयात वंशजांची नावे मात्र त्यांच्या संमतीशिवाय येथे देऊ नयेत, ही विनंती.