मदत हवी आहे: बीएससी आयटीचं चौथं वर्ष (ऑनर्स) करू का? शनिवारी फॉर्म द्यायचाय

अक्षता_आयटी: कॉलेजने चौथ्या वर्षाचा फॉर्म दिलाय. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहायचंय. बाबा म्हणतात, तीन वर्षांत डिग्री मिळतेय तर घे आणि नोकरीला लाग. करू का नको? प्लीज लवकर सांगा, दोन दिवस झोप नाहीये.

टंकनवीर: विद्यापीठ कुठलं? कॉलेज स्वायत्त आहे का? सीजीपीए किती? पुढे काय करायचंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

अक्षता_आयटी: स्वायत्तच आहे, मुंबई, २०२३ची बॅच. म्हणून तर नव्या शैक्षणिक धोरणाचं चौथं वर्ष आमच्याकडे आलं ना! सीजीपीए ८.१, एटीकेटी नाही. आता सांगा.

रानवारा: एमसीए कर. मी बीएससी आयटीनंतर एमसीएच केलं. तेव्हा तीन वर्षं लागायची, आता दोनच. सीईटी दे, बारावीला गणित असेल तर अडचण नाही. ऑनर्स म्हणजे काय हे मुलाखत घेणाऱ्यालाच समजावून सांगावं लागेल.

टंकनवीर: रानवारा, एमसीएचं तिने विचारलंच नाहीये. अक्षता, वर्षांचा हिशेब नीट बघ. तीन अधिक दोन वर्षांचं एमएससी म्हणजे पाच. ऑनर्सची चार अधिक एक वर्षाचं एमएससी, तरी पाचच. फरक पडतो तो चौथ्या वर्षानंतर थांबलीस तर. ऑनर्स केलंस तर १७६ क्रेडिटची पदवी हातात येते (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप). एमएससी अर्ध्यावर सोडलंस तर १३२ची पदवी आणि वर पीजी डिप्लोमा.

रानवारा: कागदावर ठीक आहे हो. एक वर्षाचं एमएससी जवळच्या कॉलेजात असायला तर हवं! माझ्या पुतणीला शोधताना नाकी नऊ आले.

मेलबर्नवासी: ऑस्ट्रेलियात ऑनर्स हे तीन वर्षांच्या पदवीनंतरचं वेगळं वर्ष असतं. बराचसा वेळ प्रबंधात जातो. आधी मार्गदर्शक शोधायचा, त्याने होकार दिला की मग अर्ज. पहिल्या वर्गात ऑनर्स मिळालं तर मास्टर्स न करता थेट पीएचडीला जाता येतं. इकडे यायचा विचार कर.

शिंपले: लॅपटॉप घेणार असशील तर १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नकोस. प्रोजेक्टला ८ पुरत नाही.

अक्षता_आयटी: लॅपटॉप आहे माझ्याकडे. आणि ऑस्ट्रेलियाचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. मला पीएचडी करून कॉलेजात शिकवायचंय, सांगायचं राहिलं.

सुलभा_मॅडम: अगं, हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतंस! मी कॉम्प्युटर विभागात शिकवते. चौथं वर्ष दोन प्रकारचं असतं, साधं ऑनर्स आणि 'ऑनर्स विथ रिसर्च'. रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात आणि प्रबंध करावा लागतो. तो करून घ्यायला विभागात पीएचडीचे गाइड हवेत. मेलबर्नवासी म्हणतात ते मार्गदर्शकाचं इथेही लागू आहे. तुमच्या फॉर्मवर यातलं कुठलं लिहिलंय?

अक्षता_आयटी: ताई, नुसतं 'चौथे वर्ष' एवढंच आहे. दोन प्रकार असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

रानवारा: मग रिसर्च नसेल तर पीएचडीचा रस्ता बंद. म्हणून म्हणतोय, एमसीए.

सुलभा_मॅडम: बंद नाही हो, चुकीचं सांगू नका. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत मास्टर्स नसलं तरी चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्के असतील तर पीएचडीला अर्ज करता येतो. युजीसीची नेट परीक्षाही २०२४पासून अशा मुलांना देता येते. पण संशोधनाचा अनुभव नसेल तर प्रवेशाच्या मुलाखतीत सांगायला काही उरत नाही. मी त्या मुलाखतींना बसलेय, मुलं तिथेच अडखळतात. अक्षता, उद्या ऑफिसात नाही, थेट विभागप्रमुखांना विचार: रिसर्च आहे का, गाइड कोण?

अक्षता_आयटी: विचारून आले. आमच्याकडे साधं ऑनर्सच आहे, आयटीत गाइड नाहीत. आता चौथं वर्ष दुसऱ्या कॉलेजात करता येईल का? शनिवार परवावर आलाय!

टंकनवीर: जिथे रिसर्च आहे तिथे जागा आहे का, ते आजच फोन करून विचार. एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढलायस ना? डिजीलॉकरवर तुझे क्रेडिट दिसतात का बघ. तिथे नसतील तर दुसरं कॉलेज अडवेल.

अक्षता_आयटी: आत्ता बघितलं. चारच सेमिस्टरचे दिसतायत, पाचवं नाहीच. उद्या सकाळी परीक्षा विभागात जाऊन बसते. ताई, फॉर्मवर तोपर्यंत काय लिहू?

सुलभा_मॅडम: 'हो' लिही. पण आधी नाव मागे घेता येतं का आणि फी कधी भरायची, ते विचारून घे.