लिनोकट, माती आणि आवाज : तिन्हींमागची भूमिका एका पानात कशी लिहायची?

रेघोटी
मी लिनोकट करते (लिनोलियमच्या ब्लॉकवर कोरून त्यावरून चित्र छापायचं), मातीकाम करते आणि अधूनमधून रेकॉर्ड केलेल्या बोलण्याचे तुकडे जोडून छोट्या ध्वनिरचनाही. एका रेसिडेन्सीच्या (कलाकाराने काही काळ राहून काम करायच्या जागेच्या) अर्जात 'तुमची कलाविषयक भूमिका' असं एक पान मागितलंय. लिहायला बसले की 'स्मृती', 'अवकाश', 'अस्तित्वाचा शोध' असले शब्द रांगेत येऊन उभे राहतात आणि माझं मलाच हसू येतं. तिन्ही कामं शेजारी ठेवली तर विषयही एक नाही. एकच सूत्र असायलाच हवं का? तुम्ही स्वतःपुरतं काय ठरवलंय?

खाडाखोड
विषयात सूत्र शोधू नका. सापडलं तरी अर्जापुरतंच टिकतं.

मीही तीन-चार माध्यमांत लुडबुडतो. कुठलंही काम हातात घेताना मी एवढंच बघतो: यात मागे फिरता येतं का, आणि फिरलं तर खूण राहते का? माझी भूमिका म्हणाल तर इतकीच.

चारकोलमध्ये, म्हणजे चित्राच्या कोळशात, मागे फिरता येतं, पण लपून नाही. भुकटी कागदाच्या खरबरीत पोतात जाऊन बसते, रबर कितीही चोळा, राखाडी सावली उरतेच. दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार विल्यम केंट्रिज त्याच्या ॲनिमेशनमध्ये याचाच उपयोग करतो. एकच चित्र थोडं खोडायचं, थोडं काढायचं, पुन्हा कॅमेऱ्याने टिपायचं. आकृती पुढे सरकते आणि तिच्या आधीच्या जागांचे डाग कागदावर तसेच राहतात.

तुम्ही लिनोकट करता, तेव्हा रिडक्शन केलं असेलच. एकाच ब्लॉकवर आधी पांढरं राहायचं तेवढं कोरायचं, फिकट रंग छापायचा. मग जिथे तो फिकट रंग टिकायला हवा तो भागही कोरून टाकायचा आणि त्याच प्रतींवर पुढचा गडद रंग चढवायचा. शेवटी ब्लॉकवर उरतो फक्त सगळ्यात गडद रंगापुरता उंचवटा. नंतर कुणी आणखी एक प्रत मागितली तर देणार कुठून? मला ते आवडतं. दुसरा रंग कोरायला घेतला की हात आपोआप हळू चालतो.

माती याच्या अगदी उलट, निदान भट्टीपर्यंत. पूर्ण वाळलेलं कच्चं भांडं पाण्यात सोडा, कडा बुडबुडे सोडत ढासळतात आणि तळाशी चिखल जमतो, पुन्हा मळायला तयार. मी बरीच भांडी अशी परत पाठवतो. पण भट्टीत साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत मातीच्या खनिजांत बांधलेलं पाणीच निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा मळता येत नाही.

म्हणून भावाशी झालेल्या भांडणावर काही करायचं होतं तेव्हा चारकोलच घेतला. बोललेलं मागे घेता येतं, पुसता येत नाही. यात काही खोल वगैरे आहे असा माझा दावा नाही, मला निवड करायला उपयोगी पडतं एवढंच.

नंतरसुचलेलं
पटलं, पण अर्धंच. ही भूमिका काम झाल्यावर सुचते हो, आधी नाही. टागोरांचं बघा. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून आकार निघू लागले, साठीनंतर ते नेमाने चित्रं काढू लागले आणि 1930 मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शनही झालं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. आधी भूमिकेचं पान लिहून द्या म्हटलं असतं तर काय लिहिलं असतं त्यांनी?

खाडाखोड
@नंतरसुचलेलं, खोडलेलं फेकून न देता त्याचंच काहीतरी करायचं, हे ते हाताने लिहीतच होते की! पान मागणाऱ्याला कदाचित कमी पडलं असतं, हे मान्य.

तांब्याचा_पत्रा
मी अशा निवडीत अर्ज वाचलेले आहेत. 'मी सीमारेषा पुसते' हे वाक्य इतक्यांदा येतं की नजर आपोआप पुढच्या परिच्छेदावर जाते. कृती लिहा. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक काय करायचा? तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने कविता उलट्या अक्षरांत लिहायची, तिथेच चित्र रेखाटायचं आणि मग पत्रा आम्लात. शब्द आणि चित्र एकदमच वर उठून येतात. दोन कला त्याने कशा जोडल्या हे यातच कळतं, वेगळं तत्त्वज्ञान सांगावं लागत नाही. आणि हो, काय टाकून देता तेही लिहा. ते फारसं कुणी लिहीत नाही.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. टाकून देण्याचं लगेच सुचलं: मी ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, टाळते, कारण बोटांचे ठसे त्याखाली बुजतात. लिनोतही कोरणीच्या उरलेल्या रेषा साफ करत नाही, पार्श्वभूमीत छापू देते. म्हणजे माझ्याकडे हाताची खूण आहे. पण आवाजाचं काय? कॉम्प्युटरवर कापलं की काही उरतच नाही.

खाडाखोड
उरतं, आपणच ते झाकतो. बोलण्यामागे खोलीची एक घरघर असते. वेगवेगळ्या वेळचे दोन तुकडे जोडले की ती घरघर जोडावर उडी मारते. ती लपवायला सगळे क्रॉसफेड टाकतात, म्हणजे एक तुकडा हळूहळू मंद करत दुसरा त्यावर चढवतात. तुम्ही टाकू नका. फक्त कट आवाजाच्या लाटेच्या शून्यरेषेवर, म्हणजे स्क्रीनवर लाट मधली रेषा ओलांडते तिथे घ्या, नाहीतर प्रत्येक जोडावर 'टक्' ऐकू येईल आणि तो आवाज तुमच्या हाताचा नसेल.