पेट्रोल गाडीतला काजळीचा फिल्टर: बेळगावातल्या छोट्या फेऱ्यांना तो टिकेल का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
नमस्कार. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारी टर्बो पेट्रोल गाडी घेण्याचा विचार आहे. तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आहे, असे समजले. आमच्या आधीच्या डिझेल गाडीचा फिल्टर उद्यमबागपर्यंतच्या रोजच्या फेऱ्यांमुळे वारंवार चोंदत असे. पेट्रोलचा तर धूरही दिसत नाही. मग फिल्टर कशासाठी, आणि तोही तसाच चोंदेल का? अधूनमधून चोर्ला घाटाने गोव्याला जाणे होते.

उत्तर (उद्यमबाग)
धूर दिसत नाही, कारण हे कण अतिसूक्ष्म असतात. थेट फवारलेले पेट्रोल पिस्टनच्या माथ्यावर बसते आणि ठिणगी पडेपर्यंत त्याची पूर्ण वाफ होत नाही, म्हणून काजळी धरते. इंजिन थंड असताना तर सर्वाधिक. वजनात हे कण भरत नाहीत, म्हणून त्यांची संख्या मोजतात. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून अशा इंजिनांच्या नव्या मॉडेलांना ही मर्यादा दहापट कडक झाली, किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण, आणि फिल्टरचा प्रसार खरा तिथून झाला.

उत्तर (निपाणी)
डिझेलच्या अनुभवावरून अंदाज बांधू नये, कारण इथे अडचण नेमकी उलटी आहे. डिझेलच्या धुरात प्राणवायू भरपूर असतो, पण उष्णता कमी पडते. पेट्रोलच्या धुरात उष्णता असते, पण हवा-इंधनाचे प्रमाण काटेकोर राखल्यामुळे काजळी जाळण्यापुरता प्राणवायू उरत नाही. तो मिळतो गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर: इंधन बंद होते, नुसती हवा फिल्टरमधून जाते आणि तापलेली काजळी जळते. त्यामुळे चोर्ल्याचा उतार गिअरमध्येच उतरावा. न्यूट्रलमध्ये (पेट्रोल वाचते या समजुतीने अनेकजण तसे करतात) इंजिन इंधन जाळतच राहते आणि ब्रेकही तापतात. मात्र काजळी फार साचलेली असताना चढावर तापलेल्या फिल्टरला एकदम हवा मिळाली, तर ती भडकून सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. म्हणून अशा वेळी इंधन तोडणे रोखण्याची सोय इंजिनच्या नियंत्रणात करावी लागते. फिल्टर विकसित करणाऱ्यांचे बरेच कष्ट इथेच खर्ची पडतात. तुमच्या बाबतीत खरा धोका इंजिन तापण्याआधीच संपणाऱ्या फेऱ्यांचा आहे.

उत्तर (खानापूर)
एक पुस्ती जोडतो. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त यांची राख जळत नाही. तिचा पातळ थर बसल्यावर फिल्टर कण अधिक चांगले अडवतो, हे खरे. थर वाढत गेला, की धुराची वाट अडते. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घालावे, आणि गॅरेजवाला सुट्या कॅनमधले ओतू लागला तर आधी डब्यावरचा दर्जा वाचावा.