घासण्याआधी गाडी चाकांवर उभी करा

कोब्रा रेप्लिकाच्या (जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची घरी जुळवलेली नक्कल) दाराची फट वर ३ आणि खाली ८ मिमी येतेय, म्हणून कड घासायचा सल्ला इथे दिला गेलाय. कृपया इतक्यात घासू नका! इंजिन, गिअरबॉक्स बसवून गाडी चाकांवर उभी करा, बॉडीचे बोल्ट आवळा. वजन आलं की फायबरची बॉडी थोडी हलते. दाराचं रबरही आधीच लावा, ते दाराला बाहेर ढकलतं. मग बिजागरीखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून दार जुळवा, लॅच (दार अडकवणारी कडी) शेवटी. फट मोजायला ५ मिमी जाडीची पट्टी पुरते. तरीही फट मोठी राहिली तर कड रेझिन आणि फायबर मॅटने (काचतंतूंच्या कापडाने) वाढवा. नुसती पुट्टी नको, दार आपटलं की टवका उडतो. रंग दोन्ही कडांवर चढतो, तेवढी जागा मात्र सोडा.